ट्रॉम्बोनवाल्यांचा जे. जे.

जाझ वाजवणाऱ्या ट्रॉम्बोनवादकांच्या मुलाखती वाचायला घेतल्या, की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. वादक कोणत्याही शहरातला असो, तरुण असो की उतारवयाचा, ‘या वाद्याकडे तुम्ही कसे वळलात?’ असं विचारलं की बहुधा दोन-चार वाक्यांतच ‘जे. जे.’ हे नाव येतं. आडनाव सांगायची गरज कोणाला वाटत नाही. आपल्याकडे ‘अण्णा’ किंवा ‘बुवा’ म्हटलं की मैफलीतल्या जाणकाराला कोण ते कळतं, तसंच हे. हे लोक आपल्या वाद्याच्या इतिहासाचे सरळ दोन भाग करतात, जे. जे.च्या आधीचा आणि जे. जे.च्या नंतरचा.

हा जे. जे. म्हणजे जेम्स लुई जॉन्सन. जन्म २२ जानेवारी १९२४, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस या शहरात. मृत्यू ४ फेब्रुवारी २००१, त्याच शहरात. लुई आर्मस्ट्राँग किंवा माइल्स डेव्हिस ही नावं जाझ न ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असतात. जे. जे.चं नाव तसं घरोघरी पोचलं नाही. तो वादकांचा वादक राहिला. अशा माणसाची आठवण त्याचे सहकारी आणि चाहते कशी ठेवतात आणि त्या आठवणीत काय राहतं, काय निसटतं, याविषयी मला बोलायचं आहे.

आधी वाद्याविषयी थोडं सांगायला हवं. लग्नाच्या किंवा पोलिसांच्या बँडमध्ये एक लांबलचक पितळी वाद्य आपण पाहिलेलं असतं. वादक त्याची एक नळी हाताने पुढे-मागे सरकवत असतो. तोच ट्रॉम्बोन. ट्रम्पेटला तीन खटके असतात. बोट दाबलं की हवेची वाट बदलते आणि स्वर बदलतो. नेहमीच्या ट्रॉम्बोनला खटके नाहीत. त्याची नळी सुमारे पावणेतीन मीटर लांबीची, आणि ती सरकवून आणखी लांब करायची. सरकत्या नळीच्या जागा सात. एका जागेवरून शेजारच्या जागेवर गेलं की अर्ध्या स्वराचा फरक पडतो. पण त्या जागांवर खूण नसते. सारंगीवाल्याला जसा स्वर कानाने शोधावा लागतो, तसाच ट्रॉम्बोनवाल्याला. शिवाय एकाच जागेवर ओठांचा ताण कमी-जास्त करून वेगवेगळे स्वर काढायचे असतात. ओठ, श्वास, जीभ आणि हात या चौघांनी एकाच क्षणी एकत्र यायचं, तेव्हा कुठे एक स्वच्छ स्वर निघतो.

या रचनेमुळे ट्रॉम्बोनला एक देणगी मिळाली आहे. त्यावर मींड फार सुरेख निघते. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जाझमध्ये ट्रॉम्बोनचं काम मुख्यतः तेच होतं. ट्रम्पेटने चाल वाजवायची, क्लॅरिनेटने वरून नक्षी काढायची आणि ट्रॉम्बोनने खालून घसरत, हुंकारत साथ करायची. बँड घोडागाडीवर बसून गावभर फिरे, तेव्हा नळी सरकवायला जागा हवी म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला मागच्या फळीशी बसवत. त्या शैलीला नावही त्या फळीवरूनच पडलं. पुढे ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात ‘ट्रिकी सॅम’ नँटनने ट्रॉम्बोनला माणसासारखं बोलायला लावलं. जॅक टीगार्डनने त्यावर ब्लूज असा वाजवला की ऐकणाऱ्याला गाणंच ऐकल्यासारखं वाटावं. तेव्हा जे. जे.च्या आधी ट्रॉम्बोनमध्ये काही नव्हतंच, असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. खरं एवढंच, की सर्वसामान्य श्रोत्याच्या लेखी हे वाद्य एक तर साथीचं होतं, नाही तर हसवण्याचं.

१९४०च्या दशकात जाझमध्ये मोठी उलथापालथ झाली. चार्ली पार्करचा सॅक्सोफोन आणि डिझी गिलेस्पीचा ट्रम्पेट यांनी बेबॉप नावाची शैली रूढ केली. लय भयंकर द्रुत, स्वरसंघ क्षणाक्षणाला बदलणारे, आणि ताना अशा वाकड्या वळणांच्या की ऐकणाऱ्याची दमछाक व्हावी. सॅक्सोफोनवर बोटं चालतात, ट्रम्पेटवर खटके चालतात. हातभर नळी सरकवणाऱ्याने त्या गतीत काय करावं? ‘हे संगीत ट्रॉम्बोनचं नव्हे,’ असंच अनेकांना वाटत होतं.

जे. जे. नवव्या वर्षी पियानो शिकू लागला आणि चौदाव्या वर्षी ट्रॉम्बोनकडे वळला. इंडियानापोलिसमध्ये त्या वेळी काळ्या मुलांसाठी वेगळी शाळा होती, क्रिस्पस अटक्स हायस्कूल. भेदभावातून निघालेल्या या शाळेतून आणि जवळच्या इंडियाना अव्हेन्यूवरच्या क्लबांतून जाझमधले कितीतरी मोठे वादक पुढे आले. जे. जे. त्यांतला एक. १९४२ साली स्नूकम रसेलच्या बँडमध्ये त्याची गाठ फॅट्स नॅव्हारो या ट्रम्पेटवादकाशी पडली. नॅव्हारोच्या संगतीत त्याला जाणवलं, की ऐकायचं ते केवळ ट्रॉम्बोनवाल्यांना नव्हे. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन, रॉय एल्ड्रिजचा ट्रम्पेट यांच्याकडून वाक्यरचना घ्यायची आणि ती आपल्या वाद्यावर बसवायची. नंतर तो बेनी कार्टरच्या आणि मग काउंट बेसीच्या वाद्यवृंदात होता. डिझी गिलेस्पीने त्याचं वादन ऐकून त्याला अशा अर्थाचं सांगितलं होतं, की ट्रॉम्बोन निराळ्या रीतीने वाजवता येईल हे मला ठाऊक होतंच, कोणीतरी ते करणार होतं, आणि तो माणूस तू आहेस.

जून १९४६ मध्ये जे. जे.ने स्वतःच्या नावावर पहिली ध्वनिमुद्रणं केली. पियानोवर बड पॉवेल आणि ड्रम्सवर मॅक्स रोच होते. डिसेंबर १९४७ मध्ये तो चार्ली पार्करबरोबर स्टुडिओत गेला. ही ध्वनिमुद्रणं आज ऐकताना माझं लक्ष वेगापेक्षा स्वच्छतेकडे अधिक जातं. प्रत्येक स्वर सुटा, गोल, नेमका जागेवर. एकातून दुसऱ्यात घरंगळणं नाही. कंप अगदी बेताचा. वरच्या सप्तकात एकच स्वर नळीच्या एकाहून अधिक जागांवर मिळतो. त्यातली सर्वांत जवळची जागा निवडून हाताचा प्रवास त्याने कमीत कमी केला, आणि उरलेलं काम जिभेच्या हलक्या आघातांवर सोपवलं. तबकड्या ऐकणाऱ्या कितीतरी जणांना वाटलं, हा नक्कीच खटक्यांचा ट्रॉम्बोन वाजवत असणार. तसा एक प्रकार असतोही. पण जे. जे.च्या हातात साधा, सरकत्या नळीचाच ट्रॉम्बोन होता.

आपल्याला हे जरा चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे मींडेसाठी वादक जन्म घालवतात, हार्मोनियमवर मींड नाही म्हणून तिला एके काळी नभोवाणीवरून हद्दपार करण्यात आलं होतं. आणि हा गृहस्थ मींडेच्या वाद्यातून मींडच काढून टाकतो! पण त्यामागे एक जिद्द होती. लोक ज्या गोष्टीला हसतात ती बाजूला ठेवली तर या वाद्यातून काय उरतं, हे त्याला पाहायचं होतं. उरला तो एक भरदार, गंभीर आवाज, जो सॅक्सोफोनच्या शेजारी बरोबरीने बसून बोलू शकत होता.

डेट्रॉइटच्या एका अनाथाश्रमात कर्टिस फुलर नावाचा मुलगा वाढत होता. तिथल्या एका ननने त्याला एकदा इलिनॉय जॅके या सॅक्सोफोनवादकाच्या बँडचा कार्यक्रम ऐकायला नेलं. त्या बँडमध्ये ट्रॉम्बोनवर होता जे. जे. जॉन्सन. हाच मुलगा पुढे ट्रॉम्बोनवादक झाला. १९५७ साली जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ या प्रसिद्ध तबकडीवर तो वाजला आणि नंतर आर्ट ब्लेकीच्या ‘जाझ मेसेंजर्स’मध्ये चमकला. फुलर मे २०२१ मध्ये वारला. त्याच्याविषयी लिहिताना त्या संध्याकाळचा उल्लेख अनेकदा येतो. आई-बापाविना वाढणाऱ्या मुलाला एका मैफलीत आयुष्याची दिशा सापडली. आठवण ठेवायला याहून मोठं कारण कोणतं असणार?

इंडियानापोलिसमधल्या धाकट्या मंडळींचं नातं आणखी निराळं. स्लाइड हॅम्प्टन हा जे. जे.पेक्षा आठ वर्षांनी लहान. घरच्याच बँडमध्ये वाढलेला. लहानपणी हातात आलेला ट्रॉम्बोन डावखुऱ्याचा होता म्हणून जन्मभर डाव्या बाजूने वाजवत राहिलेला. त्याने पुढे एकाच मंचावर नऊ ट्रॉम्बोन बसवून ‘वर्ल्ड ऑफ ट्रॉम्बोन्स’ नावाचा वृंद उभा केला. नऊ ट्रॉम्बोन एकत्र वाजले तर गोंगाट होईल असं आपल्याला वाटेल, पण जे. जे.ची स्वच्छता अंगी बाणलेली पिढी तयार होती, म्हणूनच ही कल्पना सुचू शकली, असं मला वाटतं. त्याच गावच्या डेव्हिड बेकरची गोष्ट मनाला लागणारी आहे. एका अपघातात जबड्याला झालेल्या दुखापतीमुळे त्याला पुढे ट्रॉम्बोन सोडावा लागला. तो चेलोकडे वळला आणि इंडियाना विद्यापीठात जाझचा मोठा शिक्षक झाला. या बेकरने जे. जे.च्या एकल वादनाचं बारकाईने स्वरलेखन करून ते पुस्तकरूपाने विद्यार्थ्यांपुढे ठेवलं. जे आपल्या ओठांना आता वाजवता येत नाही, ते दुसऱ्यांच्या ओठांसाठी कागदावर उतरवून ठेवायचं, ही आठवणीची रीत मला फार मोलाची वाटते.

इथवरची गोष्ट वादक मंडळी आवडीने सांगतात. पण तिच्यात एक भाग थोडा मागे राहतो, आणि मला वाटतं तो पुढे आणायला हवा.

१९५२ साली हा मनुष्य काय करत होता? पार्करबरोबर वाजवून झालं होतं. माइल्स डेव्हिसच्या ज्या नऊ जणांच्या वृंदाची ध्वनिमुद्रणं पुढे ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने गाजली, त्यांतही तो वाजला होता. ट्रॉम्बोनमध्ये त्याच्या तोडीचा कोणी नाही, हे वादकांना मान्य झालं होतं. आणि तो लाँग आयलंडवर स्पेरी जायरोस्कोप कंपनीच्या कारखान्यात यंत्रभागांचे आराखडे तपासण्याची नोकरी करत होता. संगीतावर घर चालत नव्हतं म्हणून. ही नोकरी त्याने १९५४ पर्यंत, सुमारे दोन वर्षं केली. त्याच काळात, जून १९५३ मध्ये त्याने क्लिफर्ड ब्राउन या तरुण ट्रम्पेटवादकाला घेऊन ब्लू नोट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. पुढे ते ज्या नावाने विकलं गेलं, त्याचा अर्थ होतो ‘ख्यातनाम जे. जे. जॉन्सन’! ख्यातनाम माणूस दिवसा आराखडे तपासत होता. एप्रिल १९५४ मध्ये माइल्स डेव्हिसने केलेलं ‘वॉकिन’ हे ध्वनिमुद्रण जाझच्या इतिहासात मैलाचा दगड मानतात. त्यातला ट्रॉम्बोनही जे. जे.चाच.

दुसरी अडचण कायद्याची होती. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत असा नियम होता, की जिथे मद्य विकलं जातं अशा क्लबात वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं ओळखपत्र हवं. जुनं काही पोलीस प्रकरण असेल तर ते नाकारता येई, काढूनही घेता येई. बिली हॉलिडे आणि थेलोनियस मंक यांसारख्यांची कारकीर्द या कार्डापायी अडली. जे. जे.लाही याचा जाच वर्षानुवर्षं झाला. १९५९ साली तो न्यायालयात गेला आणि तिथून कार्ड मिळवलं. ज्याच्या हातून एकही स्वर सैल सुटत नसे, त्याला वाजवण्याची परवानगी मात्र कोर्टातून आणावी लागली.

१९५४ च्या उन्हाळ्यात त्याचं नशीब थोडं उघडलं. डेन्मार्कमध्ये जन्मलेला काय विंडिंग हा दुसरा अव्वल ट्रॉम्बोनवादक. ‘बर्थ ऑफ द कूल’च्या पहिल्या बैठकीत ट्रॉम्बोनवर विंडिंग होता, नंतरच्या दोन बैठकांत जे. जे. एकाच खुर्चीवरचे हे दोन मानकरी आता एकत्र आले. दोन ट्रॉम्बोनांची जोडी म्हणजे धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच. पण ‘जे अँड काय’ ही जोडी १९५६ पर्यंत भरपूर चालली. एकाच वाद्यावरचे दोन समर्थ वादक एकमेकांवर कुरघोडी न करता जुगलबंदी कशी करतात, ते ऐकायचं असेल तर या तबकड्या आजही ऐकाव्यात.

याच सुमारास रचनाकार म्हणून त्याची ओळख होऊ लागली. ‘लमेंट’ म्हणजे विलाप, ही त्याची संथ रचना. १९५७ मध्ये गिल एव्हान्सने ती माइल्स डेव्हिसच्या ‘माइल्स अहेड’साठी बांधली आणि ती जाझवाल्यांच्या नेहमीच्या वाजवण्यात येऊन बसली. १९५६ मध्ये त्याने पितळी वाद्यांसाठी ‘पोएम फॉर ब्रास’ लिहिलं. ते ऐकून प्रभावित झालेल्या गिलेस्पीने त्याच्याकडून आपल्यासाठी एक मोठी रचना मागितली. त्यातून १९६१ मध्ये सहा भागांचं ‘पर्सेप्शन्स’ ध्वनिमुद्रित झालं. ज्या गिलेस्पीने ‘तो माणूस तू आहेस’ म्हटलं होतं, तोच आता त्याच्या रचनेत एकल ट्रम्पेट वाजवत होता.

१९७० मध्ये जे. जे. लॉस एंजेलिसला गेला आणि चित्रपट-दूरदर्शनसाठी संगीत लिहू लागला. ‘अक्रॉस ११०थ स्ट्रीट’ या १९७२ च्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत त्याचं. त्यातलं बॉबी वॉमॅकचं शीर्षकगीत १९९७ मध्ये ‘जॅकी ब्राउन’ या चित्रपटामुळे पुन्हा जगभर ऐकलं गेलं. पण मूळ चित्रपटाचं संगीत एका ट्रॉम्बोनवादकाचं, हे कितींना ठाऊक असेल? पुढची जवळजवळ सतरा वर्षं मंचावर तो क्वचितच दिसला. ऐन बहरातली वर्षं त्याने स्टुडिओला दिली, अशी हळहळ चाहत्यांना वाटते. मला ती पूर्ण पटत नाही. कारखान्यातली दोन वर्षं आणि कार्डासाठीची खेटे घालण्याची वर्षं ज्याने काढली, त्याने पन्नाशीत नियमित मिळकतीचं काम पत्करलं तर त्याला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय लिहिण्याची त्याला ओढ होतीच.

१९८७ मध्ये तो इंडियानापोलिसला परतला आणि पुन्हा वाजवू लागला. जुलै १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात झालेल्या त्याच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. चौसष्टाव्या वर्षीही तोच सुटा, गोल स्वर. मात्र लवकरच पत्नी व्हिव्हियन पक्षाघाताने अंथरुणाला खिळली. दौरे बाजूला ठेवून तो तिच्या शुश्रूषेला बसला. १९९१ मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी तिच्याच नावाची, सगळ्या संथ रचनांची तबकडी त्याने केली. तीत कुठेही कसरत नाही. साठी उलटलेला एक गृहस्थ आपल्या बायकोची आठवण काढतो आहे, एवढंच.

त्याने नंतर पुन्हा लग्न केलं, तरुण वादकांना घेऊन पंचक चालवलं. रेने रॉसनेससारखी पियानोवादक आणि रूफस रीडसारखा बासवादक त्याच्या या पंचकात होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने निवृत्ती घेतली. कर्करोगाने शरीर पोखरत आणलं होतं, आणि ४ फेब्रुवारी २००१ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी त्याने स्वतःच आपलं जीवन संपवलं. त्याच्या स्नेह्यांना याचा धक्का मोठा होता. त्या शेवटाचा अर्थ लावत बसणं मला योग्य वाटत नाही. त्याच्या जवळच्यांनीही त्याला त्या एका दिवसावरून ओळखलं नाही, हे महत्त्वाचं.

त्याच्या मागे वादकांनी श्रद्धांजली कशी वाहिली? त्यांना येतं त्याच भाषेत. स्टीव्ह टरे या ट्रॉम्बोनवादकाने २००३ मध्ये ‘वन फॉर जे’ ही तबकडी काढली. तीत रॉबिन युबँक्स, स्टीव्ह डेव्हिस यांच्यासारखे ट्रॉम्बोनवादक एकत्र आले. हा टरे ट्रॉम्बोनइतकाच शंख वाजवण्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या देवघरातल्या शंखाचे मोठे भाऊबंद घेऊन तो त्यांतून चक्क चाली वाजवतो. जे. जे.ने असं काही कधी केलं नसतं. आणि मला तीच गोष्ट मोठी वाटते. गुरूची नक्कल करणारे शिष्य घराणं टिकवतात, पण ते पुढे नेतात ते आपला शंख फुंकणारे.

कारण कौतुकाचंही ओझं होतं. जे. जे.नंतर प्रत्येक ट्रॉम्बोनवाल्याला त्याच्याशी तोलून पाहिलं गेलं. रॉझवेल रड या वादकाने तर १९६०च्या दशकात उलटी वाट धरली. घसरणं, हुंकारणं, गुरगुरणं, म्हणजे जे. जे.ने जे जे बाजूला ठेवलं होतं ते सगळं त्याने नव्या मुक्त जाझमध्ये परत आणलं. वाद्याची मींड अशी पुन्हा घरी आली. पण ती आता साथीला बसलेली किंवा हसवणारी राहिली नव्हती. ट्रॉम्बोन गंभीरपणे ऐकायचं वाद्य आहे, हे तोवर सिद्ध झालं होतं, आणि ते सिद्ध करणारा जे. जे. होता. विरोधातही त्याचं देणं होतंच.

अवघड गोष्ट सोपी वाटावी अशी वाजवणाऱ्याचं एक दुर्दैव असतं. ती त्याला सोपीच गेली असणार, असं लोक धरून चालतात. जे. जे.ची आठवण काढताना त्याच्या स्वराबरोबर तो कारखाना, ते पोलिसांचं कार्ड आणि आजारी बायकोजवळ काढलेले दिवसही आठवावेत, असं मला वाटतं. त्याने तो स्वच्छ स्वर आयुष्याच्या अशा गर्दीतून काढलेला आहे. कधी वेळ झाला तर ‘लमेंट’ ऐका. काही मिनिटांचीच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)